विजेंदर कुठे अडला

आसेगावात बॉक्सिंग कळणारा माणूस मी एकटाच, असा गावाचा समज आहे. शाळेच्या वयात अकोल्याला राहून ग्लोव्हज घातले, विभागीय स्पर्धेपर्यंत मजल मारली, एवढ्यावर तो अजून टिकून आहे. त्यामुळे 19 मार्च 2021 ला पणजीत, मांडवीतल्या कॅसिनो-जहाजाच्या गच्चीवर विजेंदर सिंग पाचव्या फेरीत हरला, तेव्हा टपरीवर जाब द्यायची पाळी माझ्यावर आली. "काहो भाऊ, तुमच्या विजेंदरले त्या रशियन पोट्ट्यानं झोपवलं की!" पैसा आला, सिनेमा केला, निवडणूक लढवली, अंगात सुस्ती चढली, हे निदानही चहा संपायच्या आत झालं. मला ते अर्धंच पटतं.

अकोल्यात आम्ही काय शिकलो, ते आधी सांगतो. क्रीडा प्रबोधिनीमुळे तिथे बॉक्सिंगचं वातावरण होतं, आणि आमच्याकडची पोरं तिकडेच जात. आमच्या सरांचा एक मंत्र होता : "पोटात मारून काई फायदा नाई, पॉइंट भेटत नाई." खोटं नव्हतं ते. तेव्हा पंच बटण दाबून गुण द्यायचे. पाचांपैकी तिघांनी सेकंदाच्या आत दाबलं तर गुण, नाहीतर ठोसा वाया. पोटातला ठोसा कुणाला धड दिसायचाच नाही. मग लांबून सरळ मारायचं आणि पटकन मागं सरकायचं. समोरच्याला आडवं करायची गरजच नव्हती. घरच्यांनाही तेवढंच हवं होतं : सर्टिफिकेट आण आणि खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणातून पोलिसात लाग.

विजेंदर या खेळातला उस्ताद होता. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये 75 किलो गटात त्यानं इक्वेडोरच्या कार्लोस गोंगोराला 9-4 असं हरवलं. उपांत्य फेरीत क्युबाच्या एमिलियो कोरेयाकडून 5-8 हरून कांस्य. पुढच्या वर्षी मिलानला जागतिक स्पर्धेत कांस्य आणि क्रमवारीत पहिला नंबर. 2010 ला ग्वांगझूत एशियाडचं सुवर्ण. ऑक्टोबर 2015 मध्ये मँचेस्टरला तो पहिली व्यावसायिक लढत खेळला, तेव्हा आता विश्वविजेतेपद आलंच, असं आम्ही धरून चाललो होतो.

5 ऑगस्ट 2017 ला वरळीत चीनच्या झुल्पिकार मैमैतियालीशी त्याची लढत झाली. मित्रांबरोबर मी अकोल्याहून रेल्वेनं गेलो. डोकलामवरून भारत-चीन सीमेवर ताणातणी चालू असलेले दिवस होते, प्रेक्षकांच्या अंगात वेगळंच वारं संचारलं होतं. सुरुवातीच्या फेऱ्यांत विजेंदर आमच्या ओळखीचाच होता, लांबून नेमका मारणारा. उत्तरार्धात मात्र त्याचा श्वास तोंडानं सुरू झालेला लांबूनही दिसत होता. चिनी पोरगा अंगाला खेटून बरगड्यांवर आणि मधूनमधून कमरेखालीही हाणत होता. दहा फेऱ्या, प्रत्येकी तीन मिनिटं. डोक्याला हेल्मेट नाही. निकाल विजेंदरच्या बाजूनं लागला, पण दोन पंचांकडे फरक एकेकाच गुणाचा : 95-94. जिंकल्यावर शांतता राहावी म्हणून पट्टा परत द्यायला तयार असल्याचं तो म्हणाला. सगळे त्याच गोष्टीवर बोलत बाहेर पडले. माझ्या डोक्यातून त्या शेवटच्या फेऱ्या जात नव्हत्या. पोटातला मार खाऊन उभं राहायची सवय लढूनच लागते, आणि ती लागावी इतक्या लढती त्याला मिळतच नव्हत्या.

हिशेब मांडून पाहा. ऑक्टोबर 2015 ते जुलै 2016, नऊ महिन्यांत सात लढती. त्यानंतर गोव्यापर्यंतच्या साडेचार वर्षांहून अधिक काळात फक्त सहा. 2018 मध्ये एकही नाही. गोव्याची लढत आधीच्या लढतीनंतर सोळा महिन्यांनी, पस्तिसाव्या वर्षी, सहा फूट चार इंच उंचीच्या आर्तिश लोपसानशी! इतक्या खंडानंतर तर आमच्याकडे शंकरपटात बैलजोडीही उतरवत नाहीत.

त्याच्याच गटातले बाकीचे बघा. बीजिंगचा सुवर्णविजेता जेम्स डिगेल ऑलिंपिकनंतर काही महिन्यांतच व्यावसायिक झाला आणि 2015 मध्ये आयबीएफचा विश्वविजेता. विजेंदरनं हरवलेला तो गोंगोरा? डिसेंबर 2020 मध्ये आयबीओचा किताब त्याच्याकडे गेला, पणजीच्या लढतीच्या तीनच महिने आधी. म्हणजे गुणवत्तेत विजेंदर यांच्याहून कमी होता असं म्हणायला जागा नाही. तो उशिरा, एकोणतिसाव्या वर्षी निघाला. आणि भारतात परतल्यावर तर दर महिन्या-दोन महिन्यांनी लढायला तोडीचा माणूस, रिंगण, पैसा यांतलं नियमित काहीच नव्हतं. मधली वर्षं त्यानं राजकारणात घातली, ती जबाबदारी त्याची. टपरीवाल्यांचं तेवढं मान्य.

ऑगस्ट 2022 मध्ये रायपूरला त्यानं घानाच्या इलियासू सुलेला दुसऱ्याच फेरीत पाडलं. त्या दिवशी मला कुणी काही विचारलं नाही. एकूण 14 लढती, 13 विजय, आणि जागतिक किताबासाठी एकही नाही.