सात बारची हवा

भोसरी एमआयडीसीतल्या त्या गाळ्यात मी रुजू झाले ती कोटेशन आणि खरेदी बघायला. बी.कॉम. झालेली मी, मला बिलं कळतात. पण इथल्या बिलातलं निम्मं काही कळेना. हेडर, ड्रॉप, स्वॅन नेक, सीएफएम, बार. कंपनी बनवते काय, तर पाइप. आणि पाइपमधून जातं काय, तर हवा. जी फुकट मिळते ती इकडून तिकडे न्यायला माणसं लाखांच्या ऑर्डरी का देतात, हे विचारावं तरी कोणाला?

कंपनी घरचीच. अण्णांनी जीआय पाइपला आटे पाडून, सफेदा आणि सूत लावून कारखान्यांच्या एअर लाइन टाकायची कामं घेत सुरुवात केली. दादांनी ॲल्युमिनियमची सिस्टिम आणली. ड्रॉइंग वहिनी करतात, तपासणी काका. दुपारचा डबा सगळे एकाच टेबलावर उघडतात आणि सिलेंडर, व्हॉल्व्ह, गिऱ्हाईक, सगळी भांडणं तिथेच होतात. माझं शिक्षणही तिथेच झालं.

पहिला धडा वहिनींनी दिला तो पाण्याचा. हवेच्या पाइपमध्ये पाणी कुठून येतं? त्या म्हणाल्या, बार म्हणजे दाबाचं माप; हवा सात बारला दाबायची म्हणजे बाहेरची आठ घनमीटर हवा एका घनमीटरमध्ये कोंबायची. ३० अंशाला एका घनमीटर हवेत जेमतेम ३० ग्रॅम वाफ मावते. पावसाळ्यात आठ घनमीटर हवेबरोबर येते त्याच्या कितीतरी पट. मग उरलेली वाफ जाणार कुठे? पाणी होऊन पाइपच्या तळाशी बसते. लोखंडी पाइप त्याने आतून गंजते, गंजाचे पापुद्रे सुटतात आणि पुढच्या व्हॉल्व्हमध्ये अडकतात. हवा सुकवणारा ड्रायर असला तरी तो कधीतरी बंद पडतोच. म्हणून मुख्य लाइनला, म्हणजे हेडरला, थोडा उतार द्यायचा, शेवटी ड्रेन ठेवायचा, आणि मशीनकडे उतरणारी लाइन हेडरच्या वरच्या बाजूने काढून वळसा देऊन खाली आणायची. त्यामुळे तळाचं पाणी मशीनमध्ये उतरत नाही. त्या वळशाला स्वॅन नेक म्हणतात. बिलातल्या ज्या एका ओळीने मला दोन दिवस छळलं होतं, ती अशी उलगडली.

काकांच्या बाकापाशी मात्र मी तासन्‌तास उभी राहिले असते. पाइप कापली की कडेला बारीक बर उठतो, बोटाला जाणवेल न जाणवेल इतका. काका तो आतून-बाहेरून काढतात, कडेला चॅम्फर देतात, मग मार्करने एक रेघ मारतात: फिटिंगमध्ये पाइप इथपर्यंत गेलीच पाहिजे. ढकलताना मनगट किंचित फिरवतात. रेघ फिटिंगच्या तोंडाशी टेकली की झालं. बर राहिला तर आतली ओ-रिंग चिरते. ती चीर दिसत नाही, तपासणीत कधीकधी निसटतेही, आणि वर्षभराने गिऱ्हाइकाचा फोन येतो. घरच्या कंपनीत तो फोन अण्णांच्या मोबाईलवर येतो, जेवतानाही. माझ्या मते त्या रेघेमागचा खरा धाक तोच आहे.

गळतीचा अर्थ मला गुरुवारी कळला. आमच्याकडे त्या दिवशी एमआयडीसीला सुट्टी. मशिनं बंद, शेड शांत. एका गिऱ्हाइकाकडे दादा मला घेऊन गेले. कंप्रेसर तेवढा चालू ठेवला होता. आत पाऊल टाकलं तर चारी बाजूंनी फुसफुस ऐकू येत होती. साबणाचं पाणी लावलं की जॉइंटवर फुगे धरायचे. रोजच्या खडखडाटात यातलं काहीच ऐकू आलं नसतं. दादांनी हिशेब सांगितला: सात बारला तीन मिलिमीटरचं एक भोक म्हणजे साधारण साडेतीन किलोवॅट. दिवसरात्र चालणाऱ्या कारखान्यात वर्षाला तीस हजारांवर युनिटं, एका भोकातून. एरवीही कंप्रेसरला दिलेल्या विजेतला बहुतेक भाग उष्णता होऊनच जातो. म्हणजे दाबलेली हवा इतकी महागडी, आणि ती आपण भिंतीवर सोडून देतो. मला खरंच वाईट वाटलं.

कोटेशन करताना सगळ्यात मोठी हुज्जत व्यासावर होते. गिऱ्हाइकाला पाइप एक साइज लहान हवी असते, स्वस्त पडते म्हणून. पण प्रवाह तोच ठेवून व्यास निम्मा केला तर वाटेत होणारी दाबाची घट जवळपास ३२ पट होते. मशीनपाशी दाब कमी मिळतो म्हणून कंप्रेसरचा दाब चढवायचा, आणि एक बार चढवला की वीज सहा-सात टक्के जास्त जाते. पाइपचे पैसे एकदाच जातात, विजेचे दर महिन्याला. हे मी आता स्वतः सांगते, नेटाने सांगते.

एका बाबतीत मात्र अण्णा हुज्जतही घालत नाहीत. कोणी पीव्हीसीची लाइन मागितली की ऑर्डर सरळ परत. पाणी फारसं दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. म्हणून हवेची पाइप फुटली तर साठलेली सगळी ताकद एका क्षणात बाहेर येते, आणि पीव्हीसीचे टोकदार तुकडे उडतात. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याने १९८८ मध्येच याबद्दल इशारा दिला होता. तरी लोक मागतात, आणि कुठून तरी मिळवतातही. अण्णा म्हणतात, "पोरी, त्या पाइपखाली कोणाचातरी मुलगा उभा असतो." यावर मला काही वेगळं म्हणायचं नाही.

तुमचा स्वतःचा कारखाना असेल, अगदी दोन मशिनांचा असला तरी, तर सुट्टीच्या दिवशी एवढं करा. सगळी मशिनं बंद ठेवून कंप्रेसर चालू करा. तो किती वेळ लोड घेतो आणि किती वेळ अनलोड राहतो, हे घड्याळ लावून चार-पाच फेऱ्या मोजा. लोडच्या वेळेला दोन्हींच्या बेरजेने भागा, शंभराने गुणा. कंप्रेसरच्या क्षमतेच्या तेवढे टक्के हवा गळते आहे. आकडा दहाच्या आत असेल तर लाइन चांगली राखली आहे. विसाच्या वर गेला तर नवा कंप्रेसर घ्यायच्या आधी पाइप बघा.