चाँद दिसण्याआधी तीन सिनेमे

आम्ही काही सिनेमाचे समीक्षक नाही. एकतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवले, निवृत्त झालो, आणि आता नातवंडांना शाळेत सोडणे आणि घरी आणणे एवढीच नोकरी शिल्लक आहे. तरीही २०२५ च्या रमजानच्या तोंडावर आम्ही दोन दिवसांत तीन सिनेमे पाहिले. त्यांनी आमची जी झडती घेतली, ती आपल्या माणसांत सांगावी असे वाटले, म्हणून हा खटाटोप.

रमजान लागला की आमच्या घरी टीव्हीवर कापड पडते. ही रीत आमच्या अम्मीच्या काळापासूनची. त्यामुळे आधीचे दोन-चार दिवस घरातल्या शौकिनांची घाई चालते. त्या वर्षी १ मार्चला, शनिवारी, चाँद दिसेल असा सगळ्यांचा अंदाज होता. शुक्रवारी सकाळी मुलाने विचारले, "अब्बा, काही बघायचंय का? नंतर महिनाभर नाही."

"छावा," आम्ही म्हणालो.

मुलगा गप्प झाला. मुलांची अम्मी आतून म्हणाली, "इत्ता गरम माहोल है, अब्बीच जाना है क्या?"

तिचे चूक नव्हते. 'छावा' १४ फेब्रुवारीला लागला होता. सिनेमा संपल्यावर रडणाऱ्या, घोषणा देणाऱ्या प्रेक्षकांच्या चित्रफिती आमच्या सोलापुरात घरोघरी मोबाईलवर फिरत होत्या. मुलगा म्हणाला, "घरीच येईल की थोड्या दिवसांत." पण आम्ही हटून बसलो. शिवाजी सावंतांची ही कादंबरी १९७९ साली आली. आम्ही डी.एड.ला असताना ती वाचली, आणि शेवटची पाने वाचताना वसतिगृहाच्या गच्चीवर जाऊन रडलो होतो. पुढे वर्गात संभाजीराजे शिकवताना आवाज कापायचा, तो त्या वाचनामुळे. ते पुस्तक आमचे होते. मग सिनेमा परका कसा?

जुमाची नमाज झाली आणि तिथूनच आम्ही बापलेक थिएटरवर गेलो. दाराशी गर्दी होती. पोरे कपाळाला चंद्रकोर लावून आली होती. आम्ही डोक्यावरची टोपी काढली, घडी केली आणि खिशात घातली. आम्हाला कुणी काही म्हटले नव्हते. मुलाने पाहिले आणि नजर दुसरीकडे वळवली.

सिनेमा कसा आहे? विकी कौशल जीव ओतून काम करतो. अक्षय खन्नाचा औरंगजेब फार कमी बोलतो, म्हणूनच त्याची भीती वाटते. पण कादंबरीतला राजा विचार करतो, दुखावतो, एकटा पडतो. 'बुधभूषण' हा संस्कृत ग्रंथ लिहिणारा तो पंडित लढायांच्या गदारोळात आम्हाला फारसा सापडला नाही. दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी कान भरून टाकले, मन भरायला जागा ठेवली नाही, असे आमचे मत झाले. तरीही शेवटी आमचे डोळे भरून आले. आणि इथेच एक विचित्र गोष्ट घडली. आम्ही डोळे पुसण्याआधी डावीकडे-उजवीकडे पाहिले. आपले रडणे कुणी पाहते आहे का, की आपले न रडणे कुणी पाहते आहे? वसतिगृहाच्या गच्चीवर असा हिशेब करावा लागला नव्हता.

सिनेमाभर आमच्या मनात एक यादी घोळत होती. शिवाजी महाराजांच्या आरमारातला दौलतखान, त्यांच्या सैन्यातला सिद्दी हिलाल. ही यादी आपल्यापैकी प्रत्येकाला पाठ असते. आधारकार्डासारखी ती खिशात ठेवून आपण फिरतो. कुणी विचारले तर लगेच दाखवता यावी! सिनेमातल्या फितुरीच्या चित्रणावर शिर्के घराण्याच्या वंशजांनी हरकत घेतली होती, आणि दिग्दर्शकांनी दिलगिरीही व्यक्त केली. त्यांचे नाते रक्ताचे, त्यांनी बोलावे. पण औरंगजेब आमचा कोण? ना आजा, ना पणजा. आमचा आजा मागावर चादरी विणत होता. औरंगजेबाची बाजू घ्यायची आम्हाला गरज नाही आणि त्याच्या वतीने माफी मागायचीही नाही. आमची अडचण तो नाहीच. त्याची सोयरीक आमच्या गळ्यात बांधली जाते, ही अडचण आहे.

अडीच तासांत आमच्याशी एकच माणूस बोलला. मागच्या रांगेतला एक पोरगा पुढे वाकून म्हणाला, "काका, जरा खाली सरकता का? दिसत नाही." छातीत धस्स झाले. मग आम्ही खाली सरकलो. तो "थँक्यू काका" म्हणाला. एवढेच.

पुढे १७ मार्चला नागपुरात औरंगजेबाच्या कबरीच्या वादावरून दंगल उसळली, तेव्हा तो पोरगा आठवला. त्याचे 'काका' खरे, की नागपूर खरे? दोन्ही खरे. आपल्याला दोन्ही धरून जगायचे आहे. एक सोडले तर भाबडे ठरू, दुसरे सोडले तर कडवट होऊ.

शनिवारी सकाळच्या खेळाला आम्ही आणि आमचा चुलतभाऊ, 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव'ला गेलो. भाऊ जन्मभर यंत्रमागावर राबलेला. कानाने जरा कमी ऐकतो, मागावरच्या माणसाचे कान तसेच होतात. आदल्या दिवशीच लागलेला सिनेमा, पण थिएटरात आम्ही मोजली ती माणसे अकरा. आज टोपी डोक्यावरच राहिली. रिकाम्या थिएटरात धैर्य सोपे असते.

रीमा कागती यांचा हा सिनेमा नासिर शेख या खऱ्याखुऱ्या माणसावर आहे. मालेगावात व्हिडिओ पार्लर चालवणारा हा तरुण निरनिराळ्या सिनेमांचे तुकडे जोडता जोडता स्वतःच सिनेमा काढायला लागतो. 'शोले' काढतो तो मालेगावचा. सायकल, उधारी आणि मित्र एवढ्या भांडवलावर. याच पोरांवर फैजा अहमद खान यांनी २००८ साली माहितीपट केला होता. मालेगावात यंत्रमागांची सुट्टी शुक्रवारी असते, आणि मागावरचा कामगार आठवडाभराचा खडखडाट विसरायला सिनेमाला जातो. हे कळल्यावर भाऊ म्हणाला, "आपलं पण तसंच होतं की रे."

मालेगाव हे नाव आपण वर्तमानपत्रात कोणत्या शब्दांशेजारी वाचले? २००६ चे बॉम्बस्फोट, २००८ चा बॉम्बस्फोट. दंगल, कर्फ्यू, चौकशी. इथे तेच नाव हसण्याशेजारी लागले होते. पडद्यावरची माणसे नमाजी आहेत, उधळी आहेत, मत्सरी आहेत, जिवाला जीव देणारी आहेत. कुणी देशभक्तीचा दाखला काढून दाखवत नाही, कुणी बंदूकही काढत नाही. लेखक फरोग मुंबईला नशीब काढायला जातो आणि हात हलवत परततो. मागावरचा शफीक कॅन्सरने खंगत असताना त्याच्यासाठी मित्र सुपरमॅनचा सिनेमा काढतात. शफीकला उडताना पाहून भाऊ मोठ्याने रडला. त्याने इकडेतिकडे पाहिले नाही.

एक गंमत आमच्या ध्यानात आली. शुक्रवारी संभाजीराजांबरोबर यातना सोसणारे कवी कलश आणि शनिवारी आपल्या नावासाठी तडफडणारा फरोग, हे दोघे एकच नट, विनीत कुमार सिंह. एकाच माणसाने दोन दिवसांत आम्हाला दोन्हीकडे रडवले. भरलेल्या थिएटरातही तोच आणि रिकाम्या थिएटरातही तोच.

घरी परतलो तेव्हा आम्ही खुशीत होतो. असे सिनेमे निघाले पाहिजेत, आपल्या माणसांचे, आपल्या बोलीतले, असे भाषण करीतच पायरी चढलो. आत स्वयंपाकघरात रमजानची तयारी चालली होती. सूनबाई लोखंडी खलबत्त्यात शेंगदाणे कुटत होती. शेंगांची चटणी. भाकरी, दही आणि शेंगाचटणी नसेल तर आमची सेहरी होत नाही. आणि ती चटणी मिक्सरमधली चालत नाही. मिक्सरमध्ये तिचे पीठ होते, तेल सुटत नाही. हे आम्ही घरात इतक्या वेळा सांगितले आहे की आता सांगावे लागत नाही.

जेवताना आम्ही मालेगावची गोष्ट सांगितली. नायिकेचे काम करायला बाई बाहेरून आणावी लागते, हेही गमतीने सांगितले. सूनबाईने वाढता वाढता विचारले, "अख्ख्या मालेगावात एक पण बाई मिळाली नाही का अब्बा?" आम्ही म्हणालो, "आपल्या समाजात तेव्हा..." आणि पुढे काय म्हणावे ते सुचेना.

ती म्हणाली, "आता चाँद दिसायच्या आत माझा पण एक पिक्चर बघा. घरीच आहे."

तिचा सिनेमा होता 'मिसेस'. आरती कडव यांनी तो जिओ बेबी यांच्या २०२१ च्या 'द ग्रेट इंडियन किचन' या मल्याळम सिनेमावरून केला आहे. ७ फेब्रुवारीला तो थेट झी-फाइव्हवर आला होता. जोहरची नमाज झाल्यावर सगळे बसलो. त्यात कुणी मुसलमान नाही. लढाई नाही, दंगल नाही. उत्तरेकडचे एक चांगले, सुशिक्षित हिंदू घर. नवरा डॉक्टर. सून नाचणारी, हौशी. सान्या मल्होत्राने ती भूमिका केली आहे. बाकी काय? भाज्या चिरणे, फुलके, भांडी, गळणारे सिंक, पुन्हा भाज्या चिरणे. कुणी तिला मारत नाही. सासरे तर आवाजही चढवत नाहीत. कंवलजीत सिंग यांनी हा सासरा असा केला आहे की वाटावे, किती सभ्य गृहस्थ! त्यांना फुलका तव्यावरून थेट ताटात हवा. आणि चटणी मिक्सरमधली नको, पाट्यावर वाटलेली हवी.

हे वाक्य आले आणि खोलीतले कुणी हसले नाही. मुलांची अम्मी पदराला हात पुसत दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "ये तो हमारेच घर का पिच्चर है."

आम्ही पडद्याकडे पाहत राहिलो. दुसरीकडे पाहायची सोय नव्हती.

हिशेब मांडला तर असा. आम्ही जन्मभर सिनेमात एकच गोष्ट शोधली: मुसलमान कसा दाखवलाय? तो गुंड आहे का, शायर आहे का, मित्रासाठी मरणारा आहे का? नाव दिसले की आम्ही सावरून बसायचो. 'छावा'त आम्ही आमचे नाव शोधले आणि घाबरलो. मालेगावच्या सिनेमात नाव सापडले आणि सुखावलो. पण आमचा चेहरा सापडला तो तिसऱ्याच ठिकाणी, जिथे आमचे नावच नव्हते. दोन दिवस आम्ही अन्याय शोधत थिएटरे फिरलो, आणि आमच्या हातून चाललेला तो रोज ताटात वाढून येत होता. अन्याय सोसणारा माणूस अन्याय करूही शकतो, हे आम्ही वर्गात मुलांना सांगत आलो. घरी सांगायचे राहिले.

आणखी एक. दोन दिवसांत थिएटरची जी तिकिटे काढली, ती सगळी पुरुषांची होती. "तुम्ही येता का?" असे आम्ही दोघींपैकी एकीलाही विचारले नव्हते. त्यांच्यावर बंदी नव्हती. फक्त विचारायचे सुचले नाही. बंदीपेक्षा हे वाईट, कारण याच्याविरुद्ध कुणाला बोलताही येत नाही.

सिनेमातली सून शेवटी आपल्या नाचाकडे परतते. आमची सूनबाई सिनेमा संपल्यावर उठली आणि खलबत्त्याकडे परतली. तिनेही बी.कॉम. केले आहे. लग्नाआधी ती एका पतसंस्थेत काम करीत होती. ती नोकरी का सुटली, हे आम्हाला नीट आठवेना. कुणी सोडायला सांगितली नव्हती, हे मात्र पक्के आठवले, आणि त्याचाच त्रास झाला.

आम्ही आत गेलो. निम्मे शेंगदाणे कुटायचे बाकी होते. म्हणालो, "उरलेले मिक्सरमधून काढ."

तिने वर पाहिले. मुलांची अम्मी म्हणाली, "फिर खाते बखत नाम रखेंगे."

"नाही ठेवणार," आम्ही म्हणालो.

संध्याकाळी गच्चीवर चाँद दिसला. गल्लीत मुबारकबादी झाल्या, रात्री तरावीह झाली. टीव्हीवर कापड पडले. एका सिनेमाने घर बदलत नाही, हे आम्हाला कळते. पहाटे सव्वाचारला नेहमीप्रमाणे दोघीच आधी उठल्या होत्या. फरक एवढाच की त्या दिवशी दस्तरखान आम्ही अंथरला आणि मुलाने भाकऱ्या शेकल्या, दोन करपवल्या.

चटणी पुढे आली. खाल्ली. पीठच झाले होते, तेल सुटलेच नव्हते.

"अब्बा, कशी झालीय?" सूनबाईने विचारले.

"चांगली झालीय," आम्ही म्हणालो.

रोजा सुरू व्हायला अजून वीस मिनिटे होती.