इंजिन बसलं, पण गिअर जुळला का?

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४५ फुटांवर गेली की धोक्याची पातळी ओलांडली असं मानतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर चढलं. पूर ओसरला आणि गॅरेजांसमोर चिखलाने माखलेल्या मोटरसायकलींच्या रांगा लागल्या. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. वरवर दोन्ही वेळचं काम एकच वाटेल, पण १ एप्रिल २०२० ला बीएस-६ हे प्रदूषण मानक लागू झालं होतं. रोजच्या वापरातल्या बहुतेक नव्या गाड्यांतून कार्बोरेटर गेले, इंजेक्शन आणि ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, आले. पहिल्या पुरातल्या बहुतेक गाड्या पान्याने उठल्या. दुसऱ्या पुरातल्या कितीतरी गाड्यांना मल्टिमीटर लावल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

पुरात बुडालेल्या गाडीचा घात बहुधा पाण्यापेक्षा घाई करते. सिलिंडरमध्ये पाणी असताना कोणी स्टार्टर दाबला, तर पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. ऑईल दुधाळ होतं, क्रँकच्या बेअरिंगला गंज धरतो. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीकडे सरकायला लागला की मालक म्हणतो, ‘मिस्त्री, दुसरं इंजिन बघा की!’ मग अपघातात चेसिस गेलेल्या त्याच मॉडेलच्या गाडीचं इंजिन शोधायचं.

त्याआधी कागद. आरसीवर चेसिस नंबरासोबत इंजिन नंबरही असतो आणि मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार इंजिन बदलायला आरटीओची मंजुरी लागते. गाडी सांगलीची एमएच-१० असो की साताऱ्याची एमएच-११, खरेदीची पावती आणि मंजुरी नसेल तर मी पाना हातात घेत नाही. चोरीच्या गाडीचं इंजिन आपल्या हातून कोणाच्या दारात जाऊ नये, एवढी जबाबदारी मिस्त्रीची आहेच.

कागद झाले, माउंटिंगचे बोल्ट जुळले, चेन सरळ रेषेत आली, इंजिन सुरूही झालं. इथेच पुष्कळांना काम संपलं असं वाटतं. खरी परीक्षा पुढे असते, आणि ती घेतो स्प्रॉकेट कव्हरच्या आत बसलेला एक छोटा भाग, गिअर पोझिशन सेन्सर.

पूर्वी गिअर कितवा हे सांगायला सेन्सर लागत नसे. साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात तयार झालेली ‘प्रिया’ स्कूटर ज्यांनी चालवली, त्यांना गिअर कितवा हे हँडलच सांगायचं. डाव्या मुठीजवळ आकडे कोरलेले असत. मोटरसायकलवर पुढे न्यूट्रलचा हिरवा दिवा आला. त्याच्यामागे गिअरचा ड्रम न्यूट्रलवर आला की आर्थिंग जोडणारा साधा स्विच, एवढंच. आता सेन्सरमुळे मीटरवर आकडा दिसतो, पण तो फक्त चालवणाऱ्यासाठी नसतो. गाडी न्यूट्रलमध्ये आहे का, साइड स्टँड खाली असताना इंजिन बंद करायचं का, स्टार्टर फिरू द्यायचा का, हे त्याच खुणेवरून ठरतं. काही मॉडेलांत प्रत्येक गिअरला पेट्रोल आणि स्पार्कचा हिशेबही वेगळा असतो.

सेन्सरची रचना समजली की भीती जाते. गिअर बदलला की आतला ड्रम ठरावीक कोनात फिरतो. काही सेन्सरांत ड्रमच्या टोकाला स्प्रिंगवरची एक बारीक पिन असते आणि ती समोरच्या प्लेटवरच्या त्या-त्या गिअरच्या ठिपक्याला टेकते. कुठे प्रत्येक ठिपक्याला स्वतंत्र वायर असते. कुठे एकच सिग्नल वायर असते आणि आतल्या वेगवेगळ्या रेझिस्टन्समुळे दर गिअरला वेगळं व्होल्टेज मिळतं. सेन्सर उघडताना ती स्प्रिंग टुणकन उडून चिखलात हरवते, म्हणून खाली स्वच्छ फडकं अंथरावं.

दुसऱ्या पुरानंतर आलेली एक गाडी सांगतो. इंजिन त्याच मॉडेलचं, पण पुढच्या सालचं. बोल्ट तेच, कपलरही खटकन बसला. गाडी न्यूट्रलमध्ये उभी आणि मीटर दाखवतं तीन! स्टार्टर दाबला तर ढिम्म. मालकाला वाटलं, ईसीयू गेला. मी दोन्ही इंजिनांचे सेन्सर काढून शेजारी ठेवले. रूप अगदी सारखं. मग जुना सेन्सर जुन्या ड्रमवर लावून इंजिनाचं स्प्रॉकेट हाताने फिरवत एकेक गिअर टाकला आणि मल्टिमीटरचं रीडिंग लिहिलं. नव्यावरही तेच केलं. दोन्ही कागद जवळ धरल्यावर फरक उघडा पडला. कंपनीने मधल्या काळात आतले रेझिस्टन्स बदलले होते. जुना सेन्सर साफ केला, नवी ओ-रिंग घातली, नव्या इंजिनावर चढवला. पिन बरोबर टेकली, आकडे सुधारले.

यातून जो नियम मी शिकवतो तो असा: इंजिन कुठल्याही सालचं असो, सेन्सर गाडीच्या वायरिंगच्या बाजूचा हवा, कारण वाचणारा ईसीयू गाडीचा आहे. अट एकच, तो नव्या ड्रमवर नीट बसला पाहिजे. चार गिअरचा ड्रम आणि पाच गिअरचा ड्रम यांचे टप्पे वेगळे. तिथे जुना सेन्सर सक्तीने बसवून उपयोग नाही. अशा वेळी इंजिन परत करून योग्य सालचं शोधावं.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. दिवा लागत नाही म्हणून न्यूट्रलची वायर कायमची आर्थला जोडण्याचा जुगाड काही ठिकाणी चालतो. मग गाडी समजते की ती सदैव न्यूट्रलमध्येच आहे. साइड स्टँडचं संरक्षण संपतं आणि गिअरमध्ये असतानाही स्टार्टर फिरतो. यवतेश्वरच्या चढावर किंवा खंबाटकी घाटात बंद पडलेली गाडी बटण दाबताच पुढे उडी मारेल. दोन रुपयांच्या वायरीने वाचवलेले पैसे कोणाच्या तरी पायावर वसूल होतात.

मिरजेत तंबोऱ्याची जवारी कानाने लावतात. आमच्या पिढीनेही इंजिनं कानानेच लावली आणि त्या कानाचा मला अभिमान आहे. पण अर्ध्या व्होल्टचा फरक कानाला ऐकू येत नाही. म्हणून सातारा-सांगलीच्या प्रत्येक गॅरेजात एक वही असावी: मॉडेल, साल, वायरींचे रंग, प्रत्येक गिअरचं रीडिंग. आयटीआयतून येणाऱ्या मुलांनी ती भरावी, शेजारच्या मिस्त्रीने मागितली तर हातचं न राखता द्यावी. कृष्णेला पूर पुन्हा येईल, साल बदलेल, सेन्सरही बदलतील. नेमकी मापं आपसांत वाटून घेतली, तर गरिबाची गाडी भंगारात जाणार नाही आणि रस्त्यावर ती कोणाच्या जिवावरही उठणार नाही.