उघडी राहिलेली नळी

पनवेलच्या माझ्या दवाखान्यात 'कानात दडे बसलेत' ही तक्रार रोजचीच. कोणी बोरघाट उतरून आलेलं असतं, कोणाची सर्दी रेंगाळलेली असते. नाकाच्या मागच्या भागातून मध्यकर्णात जाणारी युस्टेशियन नळी जेमतेम साडेतीन सेंटिमीटरची. एरवी ती मिटलेली असते. गिळताना, जांभई देताना क्षणभर उघडते आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा करते. ती सुजली की दडे बसतात. याची मला इतकी सवय झाली होती की पेशंटचं पुढचं बोलणं मी नीट ऐकतच नव्हतो.

सत्तरीचे एक काका आले. काविळीतून उठलेले, अंगावरचा शर्ट सैल झालेला. म्हणाले, "डॉक्टर, कान बंद झालाय. बोललो की माझाच आवाज आत घुमतो, श्वाससुद्धा ऐकू येतो. आडवा झालो की बरं वाटतं."

पहिल्याच वाक्याला मी निदान करून टाकलं होतं. नाक मोकळं करणाऱ्या गोळ्या लिहून दिल्या. लघवीची धार कशी आहे, हे विचारलं नाही.

दुसऱ्या रात्री त्यांची लघवी तुंबली. प्रोस्टेट आधीच वाढलेली. त्या गोळ्यांनी मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू आणखी आवळले. कॅथेटर घालावा लागला. कान तर जास्तच घुमू लागला.

पुन्हा आले तेव्हा एक नाकपुडी दाबून जोरात श्वास घ्यायला सांगितलं. श्वासागणिक कानाचा पडदा आतबाहेर हलत होता. नळी बंद नव्हतीच, ती मिटत नव्हती. वजन उतरलं की तिच्याभोवतीची चरबी झडते. आडवं झाल्यावर आसपासच्या शिरा भरतात, नळी मिटते आणि आराम पडतो. काकांनी पहिल्याच दिवशी हे निदान माझ्या हातात दिलं होतं.

"माझं चुकलं," मी त्यांना आणि त्यांच्या मुलीला सांगितलं. गोळ्या बंद केल्या, पाणी आणि आहार वाढवायला सांगितला. अंग भरत गेलं तसं घुमणं कमी झालं. पण कॅथेटर लावून घरात काढलेले ते दिवस माझ्या चिठ्ठीमुळेच त्यांच्या वाट्याला आले.

घरातल्या वडीलधाऱ्यांचा कान बंद वाटत असेल, तर आडवं झाल्यावर फरक पडतो का आणि वजन उतरलंय का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. प्रोस्टेटचा, रक्तदाबाचा त्रासही सांगा. आणि एकाच कानात पाणी साचून राहिलं असेल, तर दुर्बिणीने नाकाच्या मागची तपासणी करून घ्या. तिथली गाठही नळी दाबू शकते.