वोरोनोको : एका परक्या शब्दाचा व एका कुळाचा शोध

सोलापूरचे नाव काढले म्हणजे परगावच्या माणसास प्रथम चादर आठवते, मग शेंगांची चटणी आणि त्यानंतर सिद्धेश्वराची यात्रा. हे सारे यथार्थच आहे. परंतु या शहराचा खरा स्वभाव पाहावयाचा असेल, तर येथील पाट्या वाचीत हिंडावे. मराठी, कानडी, तेलुगू व उर्दू अशा चार भाषा येथे शेजारी शेजारी नांदतात. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, गिरण्या निघाल्यावर चोहोंकडून मजूर आले, कचेऱ्या व शाळा यांच्या मागोमाग आमच्यासारखी पांढरपेशी कुटुंबे आली. गिरण्यांचे भोंगे आता थांबले; पण आलेली कुळे येथेच रुजली. सोलापुरात “आपले मूळ गाव कोणते?” हा प्रश्न परक्यास विचारावयाचा नसून शेजाऱ्यासच विचारावयाचा असतो.

याच पाट्यांत एक शब्द असा आहे, की तो या चारही भाषांतील नव्हे. तो शब्द म्हणजे ‘वोरोनोको’. अमेरिकन मराठी मिशनने मुलींसाठी काढलेल्या शाळेचे हे नाव, आणि सोलापूरकरांच्या तोंडी ते इतके बसले आहे की त्याचे नवल कोणासच वाटत नाही. एकदा शेजारची एक चुणचुणीत मुलगी आम्हांस म्हणाली, “आजोबा, वोरोनोको म्हणजे काय हो? कोणा मडमेचे नाव का?” शब्दांचे धातू शोधण्यात ज्याचा जन्म गेला, अशा शाळामास्तरास हा प्रश्न स्वस्थ बसू देईना.

शोध घेता असे आढळले की हे मडमेचे नाव नसून अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतातल्या एका स्थळाचे नाव आहे. ज्या संस्थेचे मिशनरी आपल्याकडे आले, ती १८१० साली त्याच प्रांतात स्थापन झाली. तिचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे १८१३ साली मुंबईस उतरले. १८३१ साली अहमदनगरास ठाणे पडले आणि पुढे सोलापुरासही. ही मंडळी ज्या चर्चची, त्या चर्चचे मूळ प्युरिटन लोकांत आहे. प्युरिटन म्हणजे इंग्लंडातील शुद्धाचाराचा आग्रह धरणारा ख्रिस्ती पंथ. राजा व राजमान्य धर्मपीठ यांच्याशी न पटल्यामुळे १६२० ते १६४० या वीस वर्षांत या मताची हजारो माणसे समुद्र ओलांडून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर वसाहत करून राहिली.

पुढे योगायोगाने आमचा एक पुतण्या त्याच प्रांतात नोकरीस गेला आणि त्याच्या व सूनबाईंच्या आग्रहावरून आम्हांस तिकडे जाण्याचा योग आला. इतरांनी मोठी शहरे पाहिली. आम्ही वोरोनोको पाहण्याचा हट्ट धरला. बॉस्टनपासून पश्चिमेस सुमारे शंभर मैलांवर वेस्टफील्ड नावाचे गाव आहे. त्याच्या वरच्या अंगास, डोंगराच्या कुशीत, वेस्टफील्ड नदीच्या काठी वोरोनोको ही लहानशी वस्ती. तेथे कागदाची मोठी गिरणी होती, तीही बंद पडली आहे. बंद गिरणी पाहून आम्हांस क्षणभर सोलापुरातच असल्याचा भास झाला!

हे नाव इंग्रजी नव्हे. त्या नदीकाठी शिकार, मासेमारी व मक्याची शेती करून राहणाऱ्या मूळ रहिवाशांचे ते नाव. आज ज्यास वेस्टफील्ड म्हणतात, त्या साऱ्या भागासच पूर्वी वोरोनोको म्हणत. प्युरिटन वसाहतवाल्यांनी तेथे प्रथम व्यापाराचे ठाणे घातले आणि १६६९ साली रीतसर गाव वसवून त्यास इंग्रजी नाव दिले. जुने नाव वस्तीपुरते उरले, आणि तेथून निघून ते सात समुद्रांपलीकडे सोलापुरातील शाळेच्या पाटीवर येऊन बसले.

वेस्टफील्डच्या पहिल्या धर्मोपदेशकाची कथा वाचकांनी ऐकण्याजोगी आहे. त्याचे नाव एडवर्ड टेलर. इंग्लंडातील लेस्टरशायर परगण्यात सुमारे १६४२ साली त्याचा जन्म झाला. तोही आरंभी शाळामास्तरच होता. परंतु १६६२ च्या कायद्याप्रमाणे राजमान्य धर्मपद्धतीस संमती देण्याचे त्याने नाकारले, म्हणून त्यास शिक्षकाचा पेशा सोडावा लागला. १६६८ साली तो बॉस्टनला आला, हार्वर्ड येथे शिकून १६७१ साली पदवीधर झाला आणि त्याच वर्षीच्या हिवाळ्यात बर्फ तुडवीत वेस्टफील्डला पोहोचला. १७२९ साली मृत्यू येईपर्यंत तो तेथेच राहिला. उपदेशक तोच आणि गावाचा वैद्यही तोच. पुस्तके विकत मिळणे दुर्घट, म्हणून तो ग्रंथ हाताने उतरून घेई व स्वतःच बांधी. आमच्या पूर्वजांनी पोथ्या उतरून काढल्या, तसाच हा प्रकार. गावच्या जुन्या दफनभूमीत त्याची समाधिशिला आहे. तिच्यापुढे आम्ही काही वेळ स्तब्ध उभे राहिलो.

या वसाहतवाल्यांची कुळे शोधून काढणे हा तेथे मोठ्या आवडीचा व्यासंग आहे. बॉस्टन येथे १८४५ साली याच कामासाठी एक संस्था निघाली, ती आजही चालू आहे. साधनेही विपुल आहेत. मॅसॅच्युसेट्समध्ये जन्म, विवाह व मृत्यू यांची नोंद सरकारी रीतीने ठेवण्याचा नियम १६३९ सालीच झाला होता. शिवाय चर्चची पुस्तके, मृत्युपत्रे, मृताच्या मालमत्तेच्या याद्या, जमिनीची खरेदीखते आणि थडग्यांवरील लेख आहेत. शोधकाने आपल्यापासून आरंभ करावा, एकेक पिढी पुराव्यानिशी मागे जावे आणि दोन स्वतंत्र साधने जुळल्यावाचून नाव पक्के धरू नये, अशी शिस्त आहे. कुळात कोणी सरदार असावा या हौसेने वरून खाली येणाऱ्याची वंशावळ बहुधा खोटी ठरते. हा दोष आपल्याकडे नाही असे कोण म्हणेल?

टेलरच्या कुळाची हकीकत आम्ही याच रीतीने जुळविलेली वाचली. एलिझाबेथ फिच ही त्याची पहिली पत्नी. तिला आठ मुले झाली, त्यांतील पाच तान्हेपणीच गेली. ती वारल्यावर १६९२ साली त्याने रूथ विलिस हिच्याशी विवाह केला. तिला सहा मुले झाली. त्यांपैकी केझाया नावाची मुलगी स्टाइल्स नावाच्या उपदेशकास दिली होती. १७२७ साली तिला मुलगा झाला आणि थोड्याच दिवसांत ती बाळंतपणात गेली. आपल्याकडील वंशावळीच्या रीतीने पाहता ही शाखा येथेच संपली: मुलगी परघरी गेली व निवर्तली.

परंतु हा आईवेगळा मुलगा म्हणजेच एझ्रा स्टाइल्स. तो पुढे मोठा विद्वान निघाला आणि १७७८ पासून १७९५ पर्यंत येल येथील महाविद्यालयाचा अध्यक्ष होता. (मद्रासचा गव्हर्नर राहिलेल्या एलिहू येलने १७१८ साली पाठविलेल्या देणगीवरून या विद्यालयास ते नाव मिळाले; त्या देणगीत हिंदुस्थानी कापडही होते!) या दौहित्राने मातामहाचे ग्रंथ व कागद जपले. टेलर आयुष्यभर कविता लिहीत असे, पण त्याने त्या छापल्या नाहीत. १८८३ साली त्याच्या एका वंशजाने ते हस्तलिखित येलच्या ग्रंथालयास दिले. १९३७ साली टॉमस जॉन्सन नावाच्या अभ्यासकाची दृष्टी त्यावर गेली, आणि दोनशे वर्षे अज्ञात राहिलेला हा ग्रामोपदेशक वसाहतकाळातील अमेरिकेचा एक श्रेष्ठ कवी म्हणून ओळखला जाऊ लागला. आज त्याची जी स्मृती उरली आहे, तीत केवळ मुलाच्या वंशाचा नव्हे, तर मुलीच्या वंशाचाही मोठा वाटा आहे.

आणखी एक गोष्ट मनास लागून राहिली. टेलरच्या कुळातील तान्ही मुलेदेखील पुस्तकांत नमूद आहेत. परंतु ज्यांचे नाव त्या भूमीस होते, त्या वोरोनोको लोकांची घराणी मात्र तशी नमूद नाहीत. १६७५-७६ च्या युद्धानंतर त्या खोऱ्यांतील मूळ रहिवाशांची पांगापांग झाली. वसाहतवाल्यांच्या कुळकथा जाड ग्रंथांत बंद झाल्या, आणि त्यांच्याआधी तेथे नांदलेल्यांपाशी केवळ एक शब्द उरला. वंशावळ म्हणजे नुसता वंश नव्हे. कोणाचे लिहावे व कोणाचे लिहू नये याचा तो निवाडाही असतो.

हा विचार मनात घेऊनच आम्ही घरी परतलो व आपल्या घरची वंशावळ काढून पाहिली. महाराष्ट्रात विसाव्या शतकात अनेक कुळांचे कुलवृत्तांत छापले गेले. पंढरपूर, त्र्यंबकेश्वर, काशी अशा क्षेत्रांतील उपाध्यायांच्या वह्यांत यात्रेस आलेल्या पूर्वजांची नावे असतात. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांची तर अमेरिकेतील युटा येथील वंशशोधक संस्थेने सूक्ष्मचित्रेही घेऊन ठेविली. साधने आपल्याकडेही आहेत. उणीव निराळीच आहे. आमच्या वंशावळीत अकरा पिढ्यांचे पुरुष आहेत, स्त्री एकही नाही. जणू ते सारे अयोनिसंभवच! शिवाय लग्नात ताटातील तांदळांवर नवे नाव लिहिण्याची आपली चाल. त्यामुळे माहेरचे नाव सासरच्या कागदात नाही आणि सासरचे माहेरच्या कागदात नाही. मध्ये माणूस हरवतो.

आमच्या आत्याबाई नव्वदी ओलांडलेल्या, पण स्मरण तीव्र. त्यांच्यापुढे कागद घेऊन बसलो. एका दुपारी त्यांनी चार पिढ्यांतील सतरा स्त्रियांची नावे सांगितली. कोण कोणत्या गावची, माहेरी काय म्हणत, कोण बाळंतपणात गेली, कोणी विधवापणी शेत राखून मुले शिकविली, सर्व तोंडपाठ. आम्ही म्हणालो, “आत्या, यातले आमच्या कागदांत काहीच नाही.” त्या हसून म्हणाल्या, “अरे, तुमच्या कागदात नाही म्हणून ती माणसे नव्हती की काय?” यास उत्तर आमच्यापाशी नव्हते.

वास्तविक आपली जुनी परंपरा इतकी कृपण नव्हती. बृहदारण्यक उपनिषदाच्या शेवटी गुरुशिष्यांचा जो वंश दिला आहे, त्यात पौतिमाषीपुत्र, कात्यायनीपुत्र, गौतमीपुत्र असे आचार्य आईच्या नावाने सांगितले आहेत. आपल्या महाराष्ट्राचा सातवाहन राजाही गौतमीपुत्र सातकर्णी म्हणूनच प्रसिद्ध आहे. वंश जन्माने चालतो तसाच विद्येनेही चालतो, असे आपले वैयाकरण मानतात. याच सोलापुरात १९१० साली जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनमध्ये रुग्णसेवा करीत १९४२ साली वारले. तेथेच जन्मलेला त्यांचा एकुलता मुलगाही १९६७ साली ऐन तारुण्यात गेला. वंशवृक्षाच्या कागदावर ती फांदी थांबली असेल, पण दोन देशांत त्यांचे नाव आदराने घेतले जाते.

म्हणून वाचकांस आमची एकच विनंती आहे. कुलवृत्तांत लिहावयाचा तो केव्हातरी सवडीने लिहू, असे म्हणू नका. कुलोपाध्यायाच्या वह्या आणखी काही वर्षे टिकतील. देवघराशेजारी बसलेली आजी तितकी थांबणार नाही. येत्या सुटीत एक कोरी वही घ्यावी, घरातील सर्वांत वृद्ध स्त्रीपाशी बसावे, आणि पहिल्या पानावर प्रथम तिचे स्वतःचे, माहेरचे नाव लिहावे. मग तिच्या आईचे, मग आजीचे. मूळ पुरुषापर्यंत पोहोचण्यास पुढे पुष्कळ पाने आहेत.