किरणोत्सव आणि मामांच्या गच्चीवरची टाकी

(१/१०)
कोल्हापूरला जाण्यासाठी पाहुणे बहुधा नवरात्र निवडतात. आज मात्र मी ज्या उत्सवाविषयी लिहिणार आहे, तो तिथीवर चालत नाही, सूर्यावर चालतो. श्री अंबाबाईच्या मंदिरातील किरणोत्सव. त्यात आमच्या घरच्या एका पाण्याच्या टाकीचाही प्रसंग आहे.

(२/१०)
हे मंदिर पश्चिमाभिमुख आहे. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी या दिवशी मावळतीचे किरण महाद्वारातून आत शिरतात. गरुड मंडप, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा असे टप्पे ओलांडत ते गाभाऱ्यात पोहोचतात. पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी मूर्तीचा मध्यभाग आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत, असा त्यांचा परंपरेने सांगितलेला क्रम.

(३/१०)
वर्षातून दोनदाच का? २१ डिसेंबरच्या सुमारास सूर्य दक्षिणेच्या टोकाला असतो. त्याच्या अलीकडे आणि पलीकडे साधारण सहा-सहा आठवडे मोजा. जाताना आणि परतताना तो क्षितिजावरील एकाच जागी मावळतो. ती जागा ठीक पश्चिमेला नसून सतरा-अठरा अंश दक्षिणेकडे आहे.

(४/१०)
मूर्तीचा इतिहासही असाच दूर जाऊन परतण्याचा आहे. आक्रमणांच्या काळात ती एका पुजाऱ्याच्या घरी सुरक्षित ठेवली होती, असे परंपरा सांगते. इ. स. १७१५ च्या विजयादशमीला, करवीरकर छत्रपती संभाजी महाराजांच्या काळात तिची पुन्हा प्रतिष्ठापना झाली.

(५/१०)
मंदिर जुने, पण समोरचे शहर वाढत राहिले. सूर्य क्षितिजाजवळ असताना एखादा उंच कठडा किंवा जाहिरात फलकही किरण अडवू शकतो. काही वर्षे ते चरणांपर्यंतच पोहोचले, कधी तेवढेही नाही. मग मार्गातील अडथळ्यांची पाहणी सुरू झाली.

(६/१०)
त्या पाहणीत माझ्या मामांच्या गच्चीवरची टाकी निघाली. मी तेव्हा महाविद्यालयात होतो. मामा प्रथम चिडले. “आमची एकट्याचीच टाकी दिसली व्हय? पाणी काय डोक्यावर साठवायचं?” त्यांचा प्रश्न खोटा नव्हता, त्या घरात पाणी दिवसाआड येई.

(७/१०)
चार दिवसांनी त्यांनी स्वतःच प्लंबरला बोलावले. टाकी मागच्या पडवीवर, खाली उतरली. वरच्या मजल्याला पाणी चढेना. पुढचे दोन महिने मामींनी जिन्यावरून बादल्या वाहिल्या. मी हळहळलो, तर म्हणाल्या, “वाटेत उभं राहिल्यावर बाजूला सरायचंच की रे.”

(८/१०)
त्या नोव्हेंबरात आम्ही तिघे मंदिरात उभे होतो. गाभाऱ्यातील दिवे मालवले गेले. किरण उंबरा ओलांडून चरणांवर आले, गुडघ्यांपर्यंत चढले आणि विझले. पश्चिमेला ढग आले होते. मामा काही बोलले नाहीत. मामींनी हात जोडले आणि आम्ही घरी परतलो.

(९/१०)
बराच काळ मला वाटे, टाकी उगाच हलवली. आज तसे वाटत नाही. ढगांवर कोणाचा अधिकार नाही. टाकीवर आमचा होता. वास्तूचे जतन म्हणजे दगडांची डागडुजी, असे आपण समजतो. या मंदिराचा एक भाग मात्र त्याच्या भिंतींबाहेर, महाद्वारासमोरच्या मोकळ्या हवेत आहे. तो ना पुरातत्त्वाच्या नकाशात मावतो, ना तिकिटावर छापता येतो. शेजाऱ्यांनी सोडला, तरच तो उरतो.

(१०/१०)
आपण जाणार असाल, तर नोव्हेंबरात पाचच्या आत पोहोचा. सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. फेब्रुवारीत अर्धा तास उशिरा. गर्दी फार असते. आणि आत शिरण्यापूर्वी एकदा महाद्वारात मागे वळून पाहा. समोर जे आभाळ मोकळे दिसेल, ते कोणीतरी मोकळे ठेवलेले आहे.