चहा होईपर्यंत

सकाळी साडेसहाला लॅपटॉपचं बटण दाबायचं आणि आधण ठेवायला स्वयंपाकघरात जायचं, हा माझा कित्येक वर्षांचा क्रम होता. आलं किसायचं, गवती चहाची पात कात्रीने कापून टाकायची, दुधावर नजर ठेवायची, गाळायचं. कप घेऊन खोलीत आले की पडद्यावर पासवर्डची चौकट नुकतीच आलेली असे. पासवर्ड घातला की ठिपक्यांचं कडं गोल फिरायला लागे आणि मी पहिला घोट घेई. कपाचा तळ दिसेपर्यंत वर्डची फाइल उघडली, तर दिवस चांगला. आतून सतत आवाज येत राही: खर्र, खुट, खर्र, खर्र. अंधारात पत्र्याच्या ट्रंकेत कुणी हात घालून काहीतरी शोधतंय आणि हाताला नेमकं तेच लागत नाहीये, असा.

लॅपटॉप २०१४ च्या दिवाळीतला. भाषांतराच्या एका जाडजूड कामाचे पैसे एकरकमी हातात आले, म्हणून घेतलेला. चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, चार जीबी रॅम, पाचशे जीबीची हार्ड डिस्क. घेतला तेव्हा दुकानदाराने ‘आता दहा वर्षं बघायला नको’ असं सांगितलं होतं. दहा वर्षं मी बघितलंही नाही. बघायला हवं होतं.

लॅपटॉप हळू चालतो असं चारचौघांत म्हणून बघा. डोकेदुखीवर नसतील इतके उपाय निघतात. सगळ्यात लोकप्रिय म्हणजे रिफ्रेश. मोकळ्या पडद्यावर राइट क्लिक, रिफ्रेश, पुन्हा राइट क्लिक, पुन्हा रिफ्रेश. सायबर कॅफेच्या काळापासून आपल्याकडे दोन पिढ्या हे करत आल्या आहेत. मीही करायची, देवळासमोरून जाताना हात आपोआप छातीशी जातो तशी. प्रत्यक्षात त्याने पडद्यावरची चित्रं पुन्हा एकदा मांडली जातात, एवढंच. वेगाशी त्याचा काडीचा संबंध नाही. एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून मी ‘सफाई’ करणारं एक फुकटचं सॉफ्टवेअरही घातलं. त्याने बाराशेच्या वर दोष शोधले, लाल अक्षरांत दाखवले, दूर करण्यासाठी पैसे मागितले आणि दुसऱ्या दिवसापासून लॅपटॉप सुरू झाला की सगळ्यांच्या आधी स्वतःच उठून बसायला लागलं. झाडू मारायला ठेवलेल्या माणसाने ओसरीवर पथारी पसरावी, तसं.

त्यावरून मला एक गोष्ट कळली, ती म्हणजे सकाळी कोण कोण उठतं याची एक यादी असते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो, त्यात ‘स्टार्टअप’ नावाचं पान आहे. एकोणीस नावं होती. सुटीच्या दिवशी एकदाच वापरलेला व्हिडिओ कॉल, गाण्यांचा एक कार्यक्रम, ‘नवीन आवृत्ती आली का’ एवढंच विचारत फिरणारे तिघे-चौघे. आणि एक प्रिंटरचा. तो प्रिंटर मी २०१७ साली विकला. त्याची शाई, त्याची वायर, त्याचं खोकंसुद्धा घरातून गेलं, पण हा मात्र रोज सकाळी उठून त्याला शोधायला निघत होता. शेवटची एसटी कधीच निघून गेलेल्या स्टँडवर रोज येऊन बसणाऱ्या माणसासारखा. सतरा जणांना मी बंद केलं. प्रिंटरवाल्याला बंद करताना बोट क्षणभर थांबलं, हे कबूल करते.

फाइल अर्धा कप आधी उघडायला लागली. पण आतली ट्रंक काही शांत झाली नाही.

भाच्याचं मत स्पष्ट होतं. “मावशी, टाकून दे. नवीन घे. चाळीस हजारांत मस्त मिळतो.” त्याला एक गोष्ट मला समजावता येत नव्हती. या लॅपटॉपमध्ये माझी पंधरा-वीस वर्षांची कामं आहेत, आणि त्यातली जुनी कामं युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधली. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं स्वतःच्या घरी राहत नाहीत, इंग्रजी अक्षरांच्या खोल्यांत पोटभाडेकरू म्हणून राहतात. फॉन्ट असेल तर ‘क’ दिसतो. नसेल तर त्याच जागेवर एखादं इंग्रजी अक्षर, एखादा कंस, डॉलरचं चिन्ह. एकदा एका प्रकाशकाकडे माझं आख्खं पुस्तक असं उघडलं होतं. चारशे पानं, आणि त्यात एक मराठी अक्षर नाही. तो जुना फॉन्ट, त्याचा की-बोर्ड, बोटांना बसलेली त्याची सवय, हे सगळं एका घरात नीट नांदत होतं. घर हलवायचं म्हणजे पोटभाडेकरूंचं काय, हा प्रश्न होता.

शेवटी बुधवार पेठ गाठली. तपकीर गल्लीत तपकीर सोडून वायर, स्विच, दिव्यांच्या माळा असं सगळं मिळतं. तिथूनच पुढे एका जिन्याखालच्या टीचभर दुकानात लॅपटॉप दुरुस्त करणारा एक मुलगा बसतो. मुलगा म्हणजे पस्तिशीचा. त्याने लॅपटॉप चालू केला, टास्क मॅनेजर उघडला आणि माझ्याकडे पडदा वळवला. प्रोसेसर सहा-सात टक्के. डिस्क शंभर टक्के.

“काकू, प्रोसेसर बसून आहे बघा. सगळा लोड डिस्कवर. मशीन म्हातारं नाही झालं, डिस्क दमलीये.”

‘काकू’ मी पुढच्या वाक्यासाठी सोडून दिलं.

हार्ड डिस्कच्या आत आरशासारखी चकचकीत तबकडी असते आणि तिच्यावरून ग्रामोफोनच्या दांडीसारखी एक दांडी आत-बाहेर करते. लॅपटॉपमधली तबकडी सहसा मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. ऐकायला खूप वाटतं. पण एका फेऱ्याला सेकंदाचा नव्वदावा भाग लागतो, हवी ती माहिती दांडीखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा वाट पाहावी लागते, आणि त्याआधी दांडीने योग्य वर्तुळावर पोचायचं असतं. असं करत सेकंदाला विखुरलेले शंभरेक तुकडेसुद्धा हाताला लागत नाहीत. विंडोज सुरू होताना हजारो लहान लहान फायली मागते, आणि वर माझे एकोणीस पाहुणे. खर्र, खुट, खर्र म्हणजे ती दांडी होती. ग्रंथालयात एकच शिपाई आहे, वाचकांनी एकेका पानाच्या हजार चिठ्ठ्या दिल्यात, आणि तो प्रत्येक चिठ्ठीसाठी पुन्हा जिना चढतोय. प्रोसेसर हा वाचक. चष्मा पुसत बसलेला.

जगातली पहिली हार्ड डिस्क आयबीएमने १९५६ साली बाजारात आणली. दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या, सगळ्या मिळून जेमतेम पन्नास लाख अक्षरं, आणि फिरकी मिनिटाला १२०० फेऱ्यांची. माझ्या तळहातावर मावणाऱ्या डिस्कमध्ये त्याच्या लाखभर पट मजकूर बसत होता. पण फिरत ती होती फक्त साडेचारपट वेगाने. सुमारे साठ वर्षांत माणसाने साठवणं लाखपट वाढवलं आणि साठवलेलं शोधून काढणं साडेचारपट. (माझ्या माळ्याचंही प्रमाण साधारण हेच निघेल.) दांडीची चाल मधल्या काळात बरीच सुधारली हे खरं, पण फिरत्या तबकडीची वाट कुणालाच चुकवता आली नाही. एसएसडीने तबकडीच काढून टाकली. तिच्यात हलणारं काही नाही, नुसत्या चिपा. हवा तो तुकडा सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास समोर येतो.

हे मी पुढे घरी वाचून समजून घेतलं. त्या दिवशी मुलगा एवढंच म्हणाला, “एसएसडी टाकतो. पळायला लागेल.”

त्याने लॅपटॉप पालथा घातला आणि एका जुन्या कॅलेंडरच्या पानावर स्क्रू मांडत गेला. जिथला स्क्रू तिथेच, जणू खालच्या बाजूचा नकाशाच. “लांब स्क्रू आखूडच्या जागी बसला ना, तर की-बोर्डाजवळून टोक वर येतं,” म्हणाला. झाकण निघालं, आणि मला पहिल्यांदा माझ्या लॅपटॉपचं पोट दिसलं. पंख्याच्या तोंडाशी, जिथून गरम हवा बाहेर पडते त्या बारीक जाळीवर, धुळीची एक सलग पट्टी जमली होती. राखाडी, दाट, जुन्या गादीतल्या कापसासारखी. त्याने ती चिमट्याने धरली आणि ती अखंड निघून आली. तिच्यात एक लांब केस होता, माझाच, पांढरा. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळून पांढुरकी पापडी झाली होती, दुपारी कपाळावर तडकलेल्या गोपीचंदनासारखी. ती पुसून त्याने तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावली. पेस्ट वाळली, हवा कोंडली की प्रोसेसर तापतो, आणि फार तापला की जळू नये म्हणून आपणहून चाल मंद करतो. वैशाखात दुपारी मीही तेच करते.

रॅम वाढवून आठ जीबी केली. रॅम म्हणजे ओटा आणि डिस्क म्हणजे माळा, असं मी मनाशी धरलं आहे. ओटा लहान असला की पोळ्या लाटायला परात माळ्यावर ठेवावी लागते आणि पीठ लागलं की परात पुन्हा खाली. लॅपटॉप नेमकं हेच करतो, ओट्यावर मावेनासं झालं की हातातलं काम डिस्कवर नेऊन ठेवतो. २०१४ मध्ये चार जीबीचा ओटा घरच्यापुरता होता. मधल्या वर्षांत ओटा तेवढाच राहिला आणि भांडी वाढली. निकलाउस विर्थ या स्विस संगणकशास्त्रज्ञाने, पास्कल भाषेच्या जनकाने, १९९५ मध्येच तक्रार केली होती की यंत्रं जितक्या वेगाने जलद होतात त्याहून जास्त वेगाने सॉफ्टवेअर जड होत जातं. एकेका वेबपानाला शेकडो एमबी लागतात हे तेव्हा त्यांनी बघितलंही नव्हतं.

मग जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं नवीवर उतरवायला घेतलं. फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकली असती तर जास्त स्वच्छ झालं असतं, असं त्याचं म्हणणं पडलं. मी पोटभाडेकरूंची हकिगत सांगितली. त्याने मान हलवली आणि “तीन तास लागतील” म्हणाला. अप्पा बळवंत चौकात पुस्तकं चाळून परत आले तरी पट्टी ब्याऐंशी टक्क्यांवर होती. जुनी डिस्क शेवटचं पान वाचत होती. खर्र, खुट. त्या आवाजाची मला इतकी सवय होती की तो टेबलावर, लॅपटॉपच्या बाहेरून येतोय, हेच विचित्र वाटलं.

बिल चार हजारांच्या आत आलं. लॅपटॉप सुरू व्हायला सतरा सेकंद लागले. मी मोजले.

तो तरणा झालाय असं म्हणवत नाही. बॅटरी पंचवीस मिनिटांच्या वर टिकत नाही, ‘ष’ची कळ दोनदा दाबावी लागते. विंडोज ११ साठी या प्रोसेसरचं वय बसत नाही, आणि विंडोज १० च्या नेहमीच्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या. धडधाकट माणसाला तारीख बघून घरी पाठवावं, तसंच हे. म्हणून मी त्याचं इंटरनेट तोडलं. बँक, मेल सगळं फोनवर. भाचा म्हणतो लिनक्स टाकू, जुन्या यंत्रावर छान चालतं. टाकू कधीतरी. तूर्त या लॅपटॉपवर मी फक्त लिहिते, आणि नवीन लेखन युनिकोडमध्ये करते, म्हणजे पुढच्या भाडेकरूंना स्वतःचं घर असेल. जुनी डिस्क एका केसिंगमध्ये घालून कपाटात ठेवली आहे. महिन्यातून एकदा तिच्यावर सगळी कामं उतरवून ठेवते. वायर जोडली की हाताला बारीक थरथर लागते, दूध तापायला लागल्यावर पातेल्याला येते तशी.

साडेसहाचा क्रम काही बदललेला नाही. बटण दाबते आणि आधण ठेवायला जाते. आलं, गवती चहा, दूध. कप घेऊन येते तेव्हा खोलीत काही आवाज नसतो आणि पडदा काळा असतो. पहिल्या दिवशी मी घाबरले, म्हटलं, गेला. मग एक कळ दाबली. तो सतरा सेकंदांत उठला होता, दहा मिनिटं माझी वाट बघितली होती, आणि कुणी येत नाही असं बघून पुन्हा झोपला होता.